गार्डसाहेबांचा मुक्काम

मलकापूर स्टेशनावर दुपारच्या वेळी ज्यांची गाडी चुकली असेल, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तायडे गार्डसाहेब भेटलेले असणार. प्रतीक्षालयात कोपऱ्यातल्या बाकावर ते बसलेले असत. अंगात पांढरा हाफ शर्ट, पायात पॉलिश केलेले काळे बूट, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. गाडी चुकलेला माणूस धापा टाकत आत आला की ते आधी सरकून त्याला जागा देत, मग पुढची गाडी कोणती आणि ती कितपत उशिरा येते ते सांगत, आणि मग म्हणत, "पडा थोडा वेळ. मी हाय इथं. उठवतो." तो माणूस खरोखरच झोपून जाई आणि गार्डसाहेब त्याला वेळेवर उठवत. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. स्टेशनावर त्यांना काही काम नव्हते. घर जवळच होते, घरात कूलर होता. तरी दुपार त्यांची तिथे जायची.

मी त्यांचा शेजारी. माझी बँकेतून मलकापूरला बदली झाली आणि आम्ही भाड्याने घेतलेले घर नेमके त्यांच्या भिंतीला भिंत लागून निघाले. मी मूळचा साखरखेर्ड्याचा. आमच्याकडची बोली जालन्याच्या वळणाची, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांना माझी आणि मला त्यांची गंमत वाटत असे. त्यांचे गाव वडनेर भोलजी. वडील तिथे दुसऱ्यांच्या शेतात राबले, मुलगा मॅट्रिक झाला आणि रेल्वेत लागला. सगळी नोकरी मालगाडीवर गेली. अलीकडे रेल्वेने गार्ड हे नावच बदलले आणि त्या जागेला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की मॅनेजर बँकेत असतात, गाडीवर गार्ड असतो.

मालगाडीचा गार्ड सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा बसतो. पुढे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. त्याने फक्त पाहायचे की मागे काही राहिले नाही. ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. कुठूनही निघताना ते शेवटी निघत आणि उंबऱ्यावर थांबून एकदा मागे वळून पाहत. खुर्चीखाली, खुंटीवर, खिडकीच्या कट्ट्यावर. आमच्या घरी चहाला आले तरी हेच. त्यामुळे कॉलनीत कुणाचा चष्मा, छत्री, लहान मुलाचा मोजा हरवला की लोक आधी त्यांना विचारत. लग्नाला जीप करून गेलो तर सगळे बसल्याशिवाय ते बसत नसत. उशीर होतो म्हणून कुणी कुरकुर केली तर म्हणत, "गाडी उशिरा गेली तरी चालते. पुरी गेली पाह्यजे."

दुसरी सवय झोपेची. कुठेही, कशावरही, ठरवलेल्या वेळेपर्यंत झोपायचे आणि गजराशिवाय उठायचे. लोक हॉटेलांबद्दल बोलतात तसे ते स्टेशनांबद्दल बोलत. अकोल्याला वारा चांगला, बडनेऱ्याला डास फार, नागपूरला गलका, पण बाक रुंद. लॉजवर मात्र ते कधी राहिले नव्हते. कॉलनीतल्या एका मुलाचे लग्न नागपूरला होते, तेव्हा मुलीकडच्यांनी वऱ्हाडासाठी चांगले हॉटेल घेतले होते, एका खोलीत दोघे. खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या जात असताना गार्डसाहेबांनी आपली पिशवी उचलली आणि सकाळी भेटतो म्हणून निघून गेले. सकाळी आम्ही डोळे चोळत मांडवात पोचलो तर ते अंघोळ, दाढी करून, अत्तर लावून पुढच्या खुर्चीवर बसलेले. स्टेशनावर झोप छान झाली म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी याचा सरळ अर्थ लावला होता. माणूस चिक्कू आहे. कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजारात ते घासाघीस करत, हा पुरावाही होता. विहाराच्या बांधकामाला त्यांनी कॉलनीत सगळ्यात जास्त रक्कम दिली होती, ती या हिशेबात बसत नव्हती. पण शेजाऱ्यांबद्दल कुणी इतका विचार करत नाही.

त्यांच्या बायकोचे नाव कौसल्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत. कौसल्याकाकू नवऱ्याबरोबर कधीच कुठे गेल्या नाहीत. रेल्वेचा फुकट पास वर्षानुवर्षे तसाच जायचा. मुलीकडे अमरावतीला त्या बसने, एकट्या जात. माझी बायको सुनंदा हिने एकदा सहज कारण विचारले, तेव्हा त्यांनी फार आढेवेढे न घेता सांगितले. मुलगी सुमन तेव्हा अंगावर पीत होती. तिघे नाशिककडच्या एका नातेवाइकाकडून परत येत होते आणि भुसावळला पुढची गाडी चुकली. प्रतीक्षालय भरलेले. नवऱ्याने फलाटावर चादर पसरली आणि पाच मिनिटांत तो घोरायला लागला. काकू पोर मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिल्या. लोक पाय ओलांडून जात होते. पोराला पाजायला आडोसा नव्हता. रस्त्यापलीकडे एका लॉजची पाटी दिवा लावून उभी होती. सकाळी काकूंनी विचारले की तिथे का नाही गेलो, तर नवरा म्हणाला, टेसन असताना लॉज कशाले? त्या दिवसापासून काकूंनी त्याच्याबरोबर प्रवास करणे बंद केले. भांडण नाही, अबोला नाही. फक्त प्रवास बंद.

अंदमानचे निघाले ते काकूंमुळेच. एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, महिनाभर पलंगावर होत्या, आणि त्या काळात टीव्हीवर त्यांनी कुठल्यातरी बेटाचे निळे पाणी पाहिले. सुनंदा आणि मी डिसेंबरात अंदमानला जायचे ठरवत होतो, ते त्यांच्या कानावर गेले. एका संध्याकाळी त्या काठी टेकत आमच्याकडे आल्या, बसल्या आणि म्हणाल्या की मी येते. मागोमाग गार्डसाहेब आले, कारण ते नेहमी मागून येत. काकूंनी आमच्यासमोरच अट घातली.

"मले रूम पाह्यजे. दार लागणारी, आतून कडी असणारी. ह्यायले कबूल असन तर येतो मी."

गार्डसाहेबांनी बराच वेळ टॉवेलची घडी नीट केली. मग म्हणाले, "कबूल."

त्यांची उलट अट एवढीच होती की कलकत्त्यापर्यंत रेल्वेनेच जायचे. कलकत्त्याची गाडी मलकापुरातूनच जाते, म्हणून आम्हीही मान्य केले. गाडीत ते राजासारखे होते. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून प्रतीक्षालय पाहून येत आणि अहवाल देत. विमानात मात्र अगदी गप्प बसले. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात काउंटरवर सगळ्यांची ओळखपत्रे मागितली, तेव्हा त्यांनी आपले कार्ड माझ्या हातात दिले आणि सामानाजवळ जाऊन उभे राहिले. मला त्यात काही वाटले नाही. खोली उघडल्यावर काकूंनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली आणि पुन्हा लावली.

पोर्ट ब्लेअरला दोन दिवस काढून आम्ही बोटीने हॅवलॉकला गेलो. समुद्राजवळ दोन लाकडी कॉटेज घेतल्या होत्या, त्याही दोनच दिवसांसाठी. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून वारा सुटला, समुद्र काळपट झाला आणि संध्याकाळच्या आत धक्क्यावर सूचना लागली की पुढचे कळेपर्यंत सगळ्या बोटी बंद.

त्यानंतर जे झाले ते एका दृष्टीने व्यवहाराला धरूनच होते. नाताळाच्या सुट्ट्यांचे दिवस. आमच्यासारखे, ज्यांना निघायचे होते, ते अडकले. शिवाय सकाळी एका दिवसासाठी आलेले आणि संध्याकाळी परतायचे असलेले शेकडो लोकही अडकले. त्यांच्याकडे खोलीच नव्हती. सगळे एकदम खोल्या शोधायला लागले. आमच्या कॉटेजचा व्यवस्थापक सभ्य माणूस होता. मालक पोर्ट ब्लेअरला बसून भाव ठरवतो, आपल्या हातात काही नाही, असे तो प्रत्येकाला सांगत होता. पुढच्या सकाळी आम्हाला दीडपट सांगितले. आम्ही तासभर विचार केला तेवढ्यात दुप्पट झाले. उद्याचे उद्या सांगतो म्हणाला. एक कॉटेज सोडून चौघे एकीत राहतो म्हटले तर जादा गाद्यांचे वेगळे पैसे, आणि तेही जवळजवळ कॉटेजइतकेच. नेटवर्क गेल्यामुळे कार्ड चालत नव्हते आणि बेटावरच्या एटीएममधली रोकड केव्हाच संपली होती. आमच्या खिशात होते तेवढ्यात जेवायचे, राहायचे आणि किती दिवस ते माहीत नाही. मी बँकेत नोकरी करतो, पैसे हाताशी नसणे म्हणजे काय ते मला त्या सकाळी नव्याने कळले.

व्यवस्थापकाने दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या करा किंवा नवा भाव द्या असे सांगितल्यावर आम्ही सामान घेऊन बाहेर पडलो. बाजारात कळले की सरकारने धक्क्याजवळचा हॉल अडकलेल्या प्रवाशांसाठी उघडला आहे. फुकट. सतरंज्या आहेत, नळ आहे, वर पंखे आहेत. गार्डसाहेबांचा चेहरा उजळला. ते पुढे जाऊन पाहून आले. इतके उत्साहात मी त्यांना त्या प्रवासात प्रथमच पाहिले. एकदम फस्क्लास वेटिंग रूम आहे म्हणाले, कोपऱ्यातली जागा टॉवेल टाकून धरून ठेवली आहे म्हणाले, आणि काकूंची बॅग उचलायला वाकले.

काकू बॅगेवर बसलेल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

पाऊस भुरभुरत होता. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे होतो. काकूंनी आवाज चढवला नाही. उलट नेहमीचा खणखणीतपणाही त्यात नव्हता.

"तुमी जा. मी इथंच बसतो. तुमी मले कबूल केलं होतं."

सुनंदाने त्यांना समजवायचा प्रयत्न केला. आपण चौघे आहोत, अडचण आहे, एका रात्रीचा प्रश्न आहे वगैरे. काकूंनी तिचा हात हातात धरून ठेवला. मी म्हणालो की असतील तेवढे पैसे देऊन आपण कॉटेजवर परत जाऊ, उद्याचे उद्या पाहू. गार्डसाहेबांनी मान हलवली. उद्या जेवायचे काय, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. मग ते पत्र्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. पागोळ्यांचे पाणी त्यांच्या बुटांवर पडत होते आणि ते बूट मागे घेत नव्हते. एवढ्या साध्या गोष्टीला माणूस इतका वेळ का घेतो, असे मला वाटले. शेवटी त्यांनी छत्री उघडली आणि मला म्हणाले, "चाला भाऊ. घरं इचारू."

बाजार मागे टाकून आम्ही वस्तीतल्या रस्त्याला लागलो. या बेटावरची बहुतेक वस्ती बंगाली. आईवडील किंवा आजोबा फाळणीनंतर निर्वासित म्हणून आले, सरकारने जमीन दिली, त्यांनी जंगल तोडून सुपारी आणि नारळ लावले. पहिल्या घराच्या फाटकाशी गार्डसाहेब थांबले. आत माणसे दिसत होती. ते फाटकाला हात लावेनात. मी पुढे होऊ लागलो तर त्यांनी हाताने मला अडवले. मग घसा साफ करून त्यांनी हाक मारली. घरातल्या माणसाने हात हलवूनच नाही सांगितले, जागा भरली होती. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एक बाई बाहेर आली, आम्हा दोघा पुरुषांना पाहून घाबरली आणि तिने दार लावून घेतले. दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा गार्डसाहेब जागच्या जागी ताठ उभे राहिले, स्टेशनात गाडी शिरताना गार्ड उभा असतो तसे. मी म्हणालो, परत जाऊ. ते पुढच्या घराकडे चालू लागले.

ते घर सुपारीच्या झाडांत आत होते. ओसरीवर एक म्हातारी पाटावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती. पांढरी साडी, नाकावर चष्मा. गार्डसाहेबांनी त्यांच्या मलकापुरी हिंदीत सांगितले की चार जण आहोत, दोन बायका आहेत, एकीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, कडी लागणारी खोली पाहिजे. म्हातारीने अडकित्ता खाली ठेवला आणि विचारले, "नाम क्या है?"

त्यांनी सांगितले, "सुखदेव."

"पूरा नाम?"

गार्डसाहेब थांबले. मला वाटले, ऐकू आले नसेल. मी उत्तर देणार तोच त्यांनी छत्री मिटवली, ओसरीच्या पायरीशी ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले. सुखदेव महादेव तायडे. गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. राहणार मलकापूर. बौद्ध. एवढे सगळे तिने विचारले नव्हते.

म्हातारी ऐकत होती. यातले तिला काय कळले कुणास ठाऊक. तिने चष्मा वर सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"मछली खाते हो?"

गार्डसाहेबांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "हाव. खाते."

"तो ठीक है," म्हातारी म्हणाली. घरात मासळीशिवाय दुसरे काही शिजत नाही, शाकाहारी पाहुणे तोंड वाकडे करतात, म्हणून ती आधी विचारून घेते असे तिने सांगितले. खोली पत्र्याची होती. रुंद लाकडी पलंग, मच्छरदाणी, कोपऱ्यात नारळांचा ढीग. दाराला आतून लोखंडी कडी. मला आणि सुनंदाला तिच्या पुतण्याच्या घरी, परसाच्या पलीकडे, जागा मिळाली. भाडे जेवणासकट सांगितले, आणि ते कॉटेजच्या मूळ भाड्यापेक्षाही कमी होते. गार्डसाहेबांनी घासाघीस केली नाही.

काकूंना आणले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे आधी कडी लावून पाहिली. मग पलंगावर पाय लांब करून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बूट काढा. वले झाले." त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत, निदान आमच्यासमोर तरी.

दुसऱ्या दिवशीही बोटी बंदच होत्या. संध्याकाळी काकूंनी म्हातारीच्या चुलीचा ताबा घेतला आणि आपल्याकडच्यासारखा लाल तिखटाचा मासळीचा रस्सा केला. म्हातारीने दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढले, आणि पुन्हा वाढून घेतले. दोघींना एकमेकींच्या भाषेतले फार काही कळत नव्हते, पण गप्पा अखंड चालू होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा पुतण्या ओसरीवर आला. बाजारात भाव आणखी चढले होते. तोही भाडे वाढवतो म्हणाला. खाली मान घालून बोलत होता, पण बोलला. मला राग आला. परवापासून आपण घरच्यासारखे राहतो आहोत, काकू स्वयंपाक करताहेत, आणि हा बाजारभाव सांगतो. मी वाद घालायला सुरुवात केली. गार्डसाहेबांनी मला थांबवले आणि पुतण्याला विचारले, "सबका बढ़ाया?"

त्याच्याकडे आणखी दोन खोल्यांत पुण्याकडचे एक कुटुंब आणि दोघे मद्रासी तरुण उतरले होते. हो म्हणाला, सगळ्यांचे सारखेच वाढवले आहे.

"मंग ठीक हाय," गार्डसाहेब म्हणाले आणि पैसे काढून दिले.

तो गेल्यावर मी विचारल्याशिवाय राहिलो नाही. कोथिंबिरीसाठी भांडणारा माणूस इथे एक शब्द न बोलता पैसे कसा देतो? पाऊस पडत होता, कुठे जायचे नव्हते. त्यांनी सांगितले. सांगताना समोरच्या सुपारीच्या झाडांकडे पाहत होते.

रेल्वेच्या परीक्षेचा कॉल आला तेव्हा ते आणि वडील एका मोठ्या शहरात गेले होते. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा इतका लांबचा प्रवास केला होता. गावातल्या कुणीतरी धर्मशाळेचा पत्ता दिला होता. तिथे बसलेल्या माणसाने नाव विचारले, मग गाव विचारले, मग आडनाव विचारले. मग जागा नाही म्हणाला. वडील वळले. बापलेक पायरीवर बसून चपला घालत होते तेवढ्यात मागून एक कुटुंब आले, त्यांनाही तेच प्रश्न विचारले, आणि त्यांना किल्ली मिळाली. वडिलांनी ते पाहिले आणि मुलाने वडिलांना पाहताना पाहिले. मग वडील त्याला स्टेशनावर घेऊन गेले, पुढच्याच स्टेशनाची दोन तिकिटे काढली आणि मुसाफिरखान्यात भिंतीला टेकून बसवले. सकाळी नळावर तोंड धुऊन त्याने परीक्षा दिली.

"जनरलच्या तिकिटावर आडनाव नसते भाऊ," ते म्हणाले. "तिकीट हाय न, मंग बस. कोणी इचारत नाही. तवापासून मी कोणाच्या दारात जागा मागाले गेलो नाही."

मी म्हणालो की आता दिवस बदलले आहेत, लॉजवाला पैसे पाहतो, आडनाव कोण पाहतो. माझे आडनाव आयुष्यात मला कुठे आडवे आलेले नव्हते, त्यामुळे हे बोलणे मला सोपे होते. त्यांनी वाद घातला नाही.

"असन," म्हणाले. "पर इचाराच लागते न दारात जाऊन. परवा पहिल्यांदा इचारलं."

काकूंना हे माहीत होते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "नव्हतं. परवा राती सांगितलं तिले." आतून काकूंच्या आणि म्हातारीच्या हसण्याचा आवाज येत होता. गार्डसाहेब थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले की बिचारीला आधीच सांगायला पाहिजे होते, उगाच इतकी वर्षे चिक्कू समजून राहिली.

पाऊस थांबला, समुद्र निवळला, बोटी सुरू होणार अशी दवंडी फिरली. निघायच्या आधी काकूंना पाण्यात जायचे होते. सुनंदाने एका बाजूने धरले, गार्डसाहेबांनी दुसऱ्या. गुडघाभर पाण्यात गेल्यावर काकूंनी दोघांनाही हात सोडायला सांगितले आणि सरळ खाली बसल्या, साडीसकट. लाट आली की त्यांच्या गळ्यापर्यंत पाणी येई आणि त्या डोळे मिटून घेत. गार्डसाहेब बाजूला उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, एका हातात काकूंच्या चपला, दुसऱ्या हातात त्यांची काठी. त्यांनी स्वतः समुद्र फारसा पाहिला असेल असे वाटत नाही.

परत आल्यावर मलकापुरात आमचे दिवस पूर्वीसारखेच चालू झाले. एक फरक मात्र झाला, तो प्रथम कॉलनीतल्या बायकांच्या लक्षात आला. गार्डसाहेब आणि काकू आता दोघे मिळून गावाला जात. कधी अमरावती, कधी औरंगाबाद, एकदा तर दोघेच महाबळेश्वरला जाऊन आले. आले की लॉजबद्दल बोलत. कुठे गरम पाणी सकाळी लवकर येते, कुठे चादरी स्वच्छ, कुठे भाव सुट्टीत दुप्पट करतात. भाव वाढवल्याची त्यांची तक्रार नसे. सगळ्यांचे वाढवले का, एवढे मात्र ते काउंटरवर विचारत, असे काकू हसत सांगायच्या. स्टेशनावरचा त्यांचा बाक बहुतेक दुपारी रिकामा असे.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गार्डसाहेब गेले. हृदयाचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. मी तेव्हा गावी होतो, मातीला पोचू शकलो नाही. त्यामुळे मला त्यांचे शेवटचे दर्शन झाले ते त्याच्या महिनाभर आधी, बुलढाण्याला.

मी बँकेच्या बैठकीला गेलो होतो. काम आटोपून बसस्टँडकडे निघालो तर रस्त्यात काही अंतरावर एका लॉजच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गार्डसाहेब उभे दिसले. बनियन, लुंगी, खांद्यावर टॉवेल. हातात चहाचा कप. बुलढाण्याची संध्याकाळ थंड असते, राजूर घाटाकडून वारा येत होता. मी हाक मारली. त्यांनी वाकून पाहिले आणि ओळखल्यावर जय भीम केला. कुणाच्या तरी साखरपुड्याला दोघे आले होते आणि कार्यक्रम दुपारीच संपला होता. मी म्हणालो की शेवटची गाडी आहे, चला, बरोबर जाऊ. मलकापूर तिथून काही फार लांब नाही.

काकू मागून गॅलरीत आल्या. केस मोकळे, कंगवा केसांत तसाच. त्यांनी मला पाहिले आणि हात हलवला. गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे.

"तुमी व्हा पुढं भाऊ," ते वरून म्हणाले. "आमचा आज इथंच मुक्काम हाय."